बॉक्स बोलतो, जबाब कुणी द्यायचा?

पनवेल स्टेशनच्या पूर्वेला उतरून नवीन पनवेल ओलांडलं की माथेरानच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता लागतो. पुढे हाच रस्ता नेरे, मालडुंगे करत धोदाणीला जातो. या रस्त्यावर सुकापूर आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली नोकरदार कुटुंबं, बांधकामावर आलेले परप्रांतीय मजूर, मूळचे गावकरी आणि वरच्या वाड्यांतून बाजाराला उतरणारी ठाकर-कातकरी माणसं, सगळी इथे एकाच नाक्यावर भेटतात. कारभार पालीदेवद ग्रामपंचायतीचा, नियोजन सिडकोच्या नैना प्रकल्पाचं. नैनाची अधिसूचना २०१३ सालची. इमारती शहराच्या झाल्या, तक्रार घेऊन जायच्या खिडक्या मात्र गावाच्याच राहिल्या. पैशाच्या बाबतीत ही गोष्ट सगळ्यात जास्त जाणवते.

नाक्यावर उभं राहिलं की स्कॅनर नसलेली गाडी शोधावी लागते. वडापाव, नारळपाणी, मासळी, कोथिंबिरीची दहा रुपयांची जुडी, शेअर रिक्षा, न्हावी, गिरणी, सगळीकडे क्यूआर कोड आहे. बहुतेक ठिकाणी शेजारी बोलणारा बॉक्सही असतो. गिऱ्हाईक मोबाइलचा पडदा पुढे करून म्हणतं, "मावशी, बघा, गेले." मावशी म्हणतात, "बॉक्स बोलला नाही अजून." मग दोघं थांबतात. नेटवर्क येतं, बॉक्स मराठीत आकडा सांगतो आणि पिशवी हातात पडते. मोबाइलवरचं हिरवं चिन्ह खोटंही असू शकतं हे मावशींना कुणी वर्गात शिकवलेलं नाही. बनावट पडदा दाखवून माल नेणारी पोरं बाजारात येऊन गेली आणि त्यातून सगळे शिकले. या देशातल्या कोट्यवधी लोकांनी डिजिटल पैशाचं शिक्षण असंच, कुणीतरी फसल्यावर घेतलं आहे.

हे सगळं नऊ-दहा वर्षांत घडलं. ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयची सुरुवात झाली. ती बांधणारी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन म्हणजे एनपीसीआय ही संस्थाही मुंबईचीच. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी आली आणि महिनाभराच्या आत, १ डिसेंबर २०१६ रोजी, मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना कार्ड घासायची यंत्रं दिली होती आणि तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार समारंभाला आले होते. पुढे तिथे गेलेल्या बातमीदारांना अनेक यंत्रं धूळ खात पडलेली दिसली. गावकऱ्यांची इच्छा नव्हती, असं म्हणणं अन्यायाचं ठरेल. यंत्राला भाडं होतं, प्रत्येक व्यवहारावर कट होता, लाइन मिळत नव्हती, आणि पाच-पन्नास रुपयांच्या उलाढालीला तो सगळा खटाटोप परवडणारा नव्हता.

धसईत जे रुजलं नाही ते सुकापुरात रुजलं, कारण मधल्या काळात खर्चाचं गणित बदललं. क्यूआर कोड म्हणजे छापलेला कागद. त्याला वीज लागत नाही, भाडं पडत नाही. १ जानेवारी २०२० पासून केंद्र सरकारने यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावरचं व्यापाऱ्याकडून घेतलं जाणारं शुल्क, म्हणजे एमडीआर, शून्य केलं. मग टाळेबंदी आली आणि नोटेला हात लावायला माणसं घाबरू लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले आणि त्यांची रक्कम होती सुमारे २४.८५ लाख कोटी रुपये. म्हणजे दोन वर्षांत दुप्पट. जगात एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या स्वस्तात, कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत पोचलेली दुसरी व्यवस्था क्वचितच सापडेल. हे काम अभिमानाचं आहे आणि तसं स्वच्छ म्हणायला हवं.

पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे. दर व्यवहारामागे बँकांचे सर्व्हर, ॲपवाल्यांची माणसं, फसवणूक पकडणारी यंत्रणा यांचा खर्च असतोच. तो भरून काढायला सरकार प्रोत्साहन योजना राबवतं. २०२४-२५ साठी २,००० रुपयांपर्यंतच्या छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के या दराने अंदाजे १,५०० कोटी रुपये मंजूर झाले. पेमेंट कंपन्यांच्या मते ही रक्कम फारच तोकडी आहे. मार्च २०२५ मध्ये त्यांच्या संघटनेने, पेमेंट्स कौन्सिल ऑफ इंडियाने, पंतप्रधानांना पत्र लिहून मोठ्या व्यापाऱ्यांवर ०.३ टक्के शुल्क लावायची मागणी केली. जूनमध्ये अर्थमंत्रालयाने शुल्क लागणार असल्याच्या बातम्या साफ फेटाळल्या. मधल्या मध्ये यूपीआयवरचे ऐंशी टक्क्यांहून अधिक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होत राहिले. कुणा एकाचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये हा एनपीसीआयचाच नियम आहे. त्याची मुदत पुढे ढकलत ढकलत ३१ डिसेंबर २०२६ वर आली. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ या दोन दिवशी यूपीआय देशभर अडखळलं, तेव्हा सगळा पैसा एकाच वाटेने धावत असल्याचा अर्थ नाक्यावरच्या प्रत्येकाला कळला. खिशात नोट नसलेलं गिऱ्हाईक आणि सुट्टे नसलेला दुकानदार, दोघंही ताटकळले.

पैसे पाठवण्यावर कमाई नसेल तर ती कुठून येणार? कर्जातून. स्कॅनरवर रोज किती येतात हे ॲपला ठाऊक असतं, म्हणून दुकानदाराच्या मोबाइलवर कर्जाचा प्रस्ताव येतो. हप्ता रोजच्या रोज, येणाऱ्या पैशातून कापला जातो. १९२८ साली उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने सुरू केलेली पिग्मी ठेव आपल्या बाजारपेठांत घराघरांत गेली. रोज संध्याकाळी एजंट यायचा, दहा-वीस रुपये घेऊन पुस्तकात लिहायचा. आताचं हे कर्ज म्हणजे उलट चाललेली पिग्मी आहे. फरक इतकाच की पिग्मीवाल्याला घर माहीत असायचं. धंदा बसलेल्या आठवड्यात तो "उद्या द्या" म्हणायचा. यंत्र तसं म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम आणले आणि मे २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने दिले. कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात जमा व्हावं, एकूण खर्च आधी सांगावा, ठरावीक दिवसांत दंडाशिवाय परत करता यावं, अशा चांगल्या तरतुदी त्यांत आहेत. नियम चांगले आहेत. ते मराठीत, मोठ्या अक्षरांत, कर्ज घेणाऱ्याच्या समोर क्वचितच येतात.

पनवेलकरांना बँक बुडणं म्हणजे काय ते पुस्तकातून वाचावं लागत नाही. कर्नाळा नागरी सहकारी बँक याच गावची. शहरातले दुकानदार, निवृत्त माणसं, प्रकल्पात जमीन गेलेले शेतकरी यांनी विश्वासाने तिथे पैसे ठेवले. जून २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, पैसे काढणं जवळपास बंद झालं. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार ६३ बनावट कर्जखात्यांतून सुमारे ५१२ कोटी रुपये वळवले गेले. बँकेचे अध्यक्ष असलेल्या माजी आमदारांना जून २०२१ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने अटक केली. ऑगस्ट २०२१ मध्ये परवाना रद्द झाला. त्या वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ९५ टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून त्यांची पूर्ण रक्कम मिळेल. उरलेल्यांमध्ये पाच लाखांवर आयुष्यभराची पुंजी ठेवलेली माणसं होती. त्यांचं दुःख कुठल्याही टक्केवारीत मावत नाही.

तरीही हे ९५ टक्के कसे वाचले ते बघितलं पाहिजे, कारण डिजिटल पैशाचा प्रश्न सोडवायची दिशा तिथे सापडते. १९६० साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यातून १९६१ चा ठेव विमा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. संरक्षण होतं दीड हजार रुपयांचं. ते वाढत १९९३ मध्ये एक लाखावर आलं आणि तिथेच सव्वीस-सत्तावीस वर्षं थांबलं. मग २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते, माणसं रस्त्यावर उतरली. ४ फेब्रुवारी २०२० पासून मर्यादा पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे देणं बंधनकारक झालं. प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी बुडालेल्या पैशावर उभं आहे. पण शेवटी उत्तर ठरलं: बँक बुडाली तर अमुक रक्कम, अमुक दिवसांत, अमुक संस्था देईल. त्याचा हप्ता बँका भरतात, २०२० मध्ये तो दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला १२ पैसे ठरला. पतसंस्थेतल्या ठेवींना मात्र हे संरक्षण नाही, आणि पनवेल परिसरात पतसंस्थेत पैसे ठेवणारे आजही कमी नाहीत.

आता दुसरा प्रसंग घ्या. सुकापुरातल्या निवृत्त माणसाला व्हिडिओ कॉल येतो. पोलिसाच्या वेशातला कुणी सांगतो, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. भारताच्या कुठल्याही कायद्यात अशी अटक नाही. घाबरलेला माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून पैसे पाठवतो. किंवा लाडकी बहीण योजनेचा हप्ता थांबेल या भीतीने बाई मोबाइलवर आलेल्या लिंकवर केवायसी करते. गृहमंत्रालयाने लोकसभेत दिलेल्या आकड्यांनुसार २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत नागरिकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट. हे पैसे कुणी द्यायचे, याचं उत्तर कुठे लिहिलेलं आहे का?

अर्धं उत्तर आहे. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार बँकेच्या चुकीमुळे पैसे गेले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याच कुणी चोरी केली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतचाच फटका. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात दाखवायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर. किती जणांना हे माहीत आहे? आणि हे माहीत असलं तरी पुढची दरी मोठी आहे. माणसाने पिन स्वतः टाकला असेल, ओटीपी सांगितला असेल, तर तो त्याचा निष्काळजीपणा धरला जातो. धाक दाखवून, फसवून टाकायला लावलेला पिन आणि राजीखुशीने टाकलेला पिन यांत आपले नियम फरक करत नाहीत. आजची मोठी लूट नेमकी याच दरीतून होते.

दुसऱ्या टोकाला दुकानदार आहे. चोरलेले पैसे हात बदलत बदलत त्याच्या स्कॅनरवर येतात, कुणीतरी त्या पैशाने पेट्रोल भरतं, किराणा घेतं. मग परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून खात्यावर होल्ड लागतो. रक्कम शे-दोनशेची, अडकतं मात्र कधी कधी पूर्ण खातं. मे २०२५ मध्ये विदर्भातल्या पेट्रोल पंपचालकांच्या संघटनेने याच कारणाने डिजिटल पैसे घेणं बंद करण्याचा इशारा दिला होता. जुलैमध्ये बंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांनी यूपीआयच्या उलाढालीवरून आलेल्या जीएसटी नोटिसांमुळे 'फक्त रोख' असे फलक लावले. चोराचा माग काढावा आणि कर भरावा, यात वाद नाही. पण प्रामाणिक दुकानदाराला खातं सोडवायला कुणाकडे जायचं ते ठाऊक नसेल तर तो स्कॅनर उलटा करून ठेवेल, आणि त्याला दोष देता येणार नाही.

वाड्यांकडे बघितलं तर प्रश्न आणखी खोल जातो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, त्याआधी मालकाकडून उचल घेतात आणि हंगामभर ती फेडत राहतात. त्यांच्या दृष्टीने पैशाची गरज पावसाळ्यात असते, ती वेळेवर भागावी लागते, आणि तशी भागवणारं कुठलंही ॲप अजून आलेलं नाही. साध्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, सप्टेंबर २०२२ मध्ये छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट आलं. दोन्ही उपयोगी आहेत, पण फोन घरात एकच असतो, सिम नवऱ्याच्या नावावर असतं, आणि रिचार्ज संपला की बँकेत दिलेला नंबर पुढे दुसऱ्याच कुणाला मिळतो. आधारवर अंगठा देऊन पैसे काढणं हाच अनेक बायांचा मार्ग आहे. पावती मागायची असते, आकडा वाचून घ्यायचा असतो, हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगणारं माणूस लागतं. साताऱ्याच्या म्हसवडला १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांनी उभी केलेली माणदेशी महिला सहकारी बँक बायांच्या दारात गेली, तेव्हा तंत्रज्ञानाच्या बरोबरीने ओळखीचं माणूसही दारात गेलं होतं. माझ्या मते त्या बँकेच्या यशाचं मोठं कारण तेच आहे.

केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं तेही याच बळावर: गल्लीतला एजंट, ज्याला तोंडावर विचारता येतं. छोटे देश आपल्याकडून आता बरंच घेतात. भूतानने जुलै २०२१ मध्ये आपला क्यूआर स्वीकारला, फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका आणि मॉरिशस आले. सिंगापूरची पेनाऊ व्यवस्था फेब्रुवारी २०२३ मध्ये यूपीआयला जोडली गेली. हे सिंगापूर क्षेत्रफळाने रायगड जिल्ह्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढं आहे, पण त्याच्याकडून आपणही एक गोष्ट घ्यावी. १६ डिसेंबर २०२४ पासून तिथे जबाबदारी वाटून देणारी चौकट लागू झाली. बनावट लिंकमधून पैसे गेले तर आधी बँकेने आपली कर्तव्यं पाळली का ते बघायचं: नव्या मोबाइलवर खातं चालू केल्यावर बारा तास जोखमीचे व्यवहार रोखले का, लगेच इशारा दिला का, ग्राहकाला एका बटणावर खातं बंद करता येत होतं का. नाही पाळली तर नुकसान बँकेचं. बँक चोख निघाली तर मोबाइल कंपनीकडे वळायचं, तिने बनावट संदेश अडवला नसेल तर भरपाई तिची. स्वतः पिन टाकून पाठवलेले पैसे सिंगापूरच्या या चौकटीत बसत नाहीत. ब्रिटनने ते पाऊल उचललं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून तिथे फसवून पाठवायला लावलेल्या पैशाची ८५,००० पौंडांपर्यंत, म्हणजे आपल्या सुमारे एक कोटी रुपयांपर्यंत, भरपाई द्यावी लागते, आणि ती पाठवणारी व घेणारी बँक निम्मी-निम्मी भरते. घेणाऱ्या बँकेला निम्मा भार आला की भाड्याने दिलेली खाती ती आपणहून शोधू लागते. मला यातली ही तरतूद सगळ्यात मोलाची वाटते. आपल्याकडे चोराचं खातं उघडून देणाऱ्या बँकेला भरपाईतला असा ठरलेला वाटा उचलावा लागत नाही.

अशी भरपाई आपल्याकडे द्यायची तर एवढे पैसे आणायचे कुठून, असं कुणी विचारेल. २०२४-२५ मध्ये यूपीआयवरून सुमारे २६१ लाख कोटी रुपये फिरले. २०२४ ची सगळी सायबर लूट, कार्डाची, नेट बँकिंगची धरूनसुद्धा, या रकमेच्या दर शंभर रुपयांमागे नऊ पैशांहून कमी भरते. दोन्ही आकड्यांची वर्षं तंतोतंत जुळत नाहीत आणि तक्रार न झालेली लूट त्यात नाही, तरी अंदाज यायला एवढं पुरे. शिवाय भरपाई सगळीची द्यायची नाही. खरे पीडित आणि ठरलेली मर्यादा एवढंच धरलं तर बोजा आणखी उतरतो. मोठ्या व्यापाऱ्यांवर अल्पसं शुल्क लावायचंच असेल तर त्याचा पहिला वाटा भरपाईच्या निधीत जावा, ॲपच्या नफ्यात नंतर. कोथिंबिरीच्या जुडीवर एक पैसाही लागू नये. आणि ठेव विम्यासारखंच हेही कायद्यात लिहिलेलं असावं, कारण परिपत्रक कपाटात राहतं, कायदा घेऊन माणूस दारात उभा राहू शकतो.

कायदा होईल तेव्हा होईल. सुकापूरला आत्ताच करता येण्याजोगी गोष्ट ग्रामपंचायत कार्यालयातली एक खिडकी आहे. आठवड्यातून दोन दिवस, एखादा बँक मित्र आणि बचत गटातली एक शिकलेली ताई, हाताशी तक्रारीचे मराठी नमुने. खातं गोठलं तर अर्ज कसा लिहायचा, अंगठ्याचं आधार लॉक कसं करायचं, कर्जाच्या ॲपमागची खरी वित्तसंस्था कोणती ते कसं तपासायचं, एवढं तिथे सांगता आलं तरी पुष्कळ. परिसरातल्या शाखांनी यासाठी माणूस द्यावा. नाक्यावरून रोज इतका पैसा त्यांच्या खात्यांत जातो, तेवढं त्यांच्याकडून मागण्याचा या गावाला हक्क आहे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. पैसे गेल्याचं कळताच लाजेने गप्प बसू नका, पहिला फोन १९३० या क्रमांकावर करा. पहिल्या तासात पैसे अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा, तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत व्यवहाराचा बँकेचा संदेश आल्यापासून मोजली जाते. सुकापूरकरांना पोलीस ठाणं खांदेश्वरचं. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माहितीसाठीचा क्रमांक १४४४८ आहे.